नववीतली मुले

इंग्लंडातला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि आपल्याकडे चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरतो त्या सुमारास तिकडे पहिल्या मॅनेजरवर गंडांतर येते. सात-आठ सामने हातचे गेले, वर्तमानपत्रांनी मथळे सजवले, की एके सकाळी क्लबचे चार ओळींचे पत्रक निघते. त्यात आभार असतात, शुभेच्छा असतात, आणि मधल्या एका ओळीत त्या गृहस्थाची नोकरी गेलेली असते.

आमच्या कोल्हापुरात या विषयाची प्रस्तावना करावी लागत नाही. येथे पेठेपेठेत तालीम आहे, तालमीचा फुटबॉल संघ आहे, आणि शाहू स्टेडियमवर आपला संघ हरला तर रात्री ताटावरून तसेच उठणारी माणसे आहेत. टेलिव्हिजन आल्यापासून मँचेस्टर आणि लिव्हरपूल या जणू गावाच्या आणखी दोन पेठाच झाल्या. माझ्या वर्गातली मुले रविवारी रात्री जागतात आणि सोमवारी पहिल्या तासाला पेंगतात. मधल्या सुट्टीत त्यांतला एखादा मला गाठतो. "सर, पाच मॅच हरला की ओ! अजून ठेवलाय कशाला त्याला? काढा की!" जसा काही तो अधिकार माझ्याच हाती आहे!

मॅनेजर म्हणजे कचेरीतला नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोणाला विकत घ्यायचे, हे ठरवणारा तो माणूस. चेंडूला पाय न लावता हरण्याचे काम त्याला करावे लागते. या बाबतीत तो आणि आम्ही शिक्षक एकाच माळेचे मणी! परीक्षेला बसतात दुसरेच, निकाल मात्र आमचा लागतो. संघ हरू लागला की अकराच्या अकरा खेळाडू काढता येत नाहीत, प्रेक्षक बदलता येत नाहीत, आणि संचालकांनी स्वतःला काढल्याचे तर फारसे ऐकिवात नाही. उरतो तो मॅनेजर.

मुलांना मी मग ॲलेक्स फर्ग्युसनची गोष्ट सांगतो. मँचेस्टर युनायटेडने ६ नोव्हेंबर १९८६ रोजी त्याला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून आणले, तेव्हा संघ बावीस संघांत एकविसावा होता. त्या हंगामाअखेर तो अकरावा आला, पुढच्या वर्षी एकदम दुसरा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा अकरावा. मग १९८९ मध्ये क्लबने भरपूर पैसा ओतून नवे खेळाडू घेतले. त्यांतला नील वेब सप्टेंबरातच इंग्लंडकडून स्वीडनमध्ये खेळताना जायबंदी झाला. २३ सप्टेंबरला गावातल्याच मँचेस्टर सिटीने युनायटेडला पाच विरुद्ध एक असे धुऊन काढले. गावातल्या संघाकडून पाच गोल खाणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. त्या दिवशी घरी जाऊन आपण उशीखाली डोके खुपसून पडलो, असे फर्ग्युसनने स्वतःच पुढे सांगितले आहे.

दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून लीगचे अकरा सामने झाले आणि त्यांत एकही विजय नाही. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एका प्रेक्षकाने चादर रंगवून आणली. तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ तसाच भिकार, आता रामराम घ्या, अशा अर्थाचा तो मजकूर होता. ७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकाचा सामना नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर होता, आणि तो हरला की फर्ग्युसन गेला, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. मार्क रॉबिन्स नावाच्या वीस वर्षांच्या पोराने डोक्याने गोल केला. युनायटेडने सामना जिंकला, आणि मे महिन्यात चषकही जिंकला. लीगमध्ये मात्र त्या वर्षी संघ तेराव्या स्थानावर राहिला, हे गोष्ट सांगणारे सहसा गाळतात. पुढे १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीगचे विजेतेपद आले, आणि २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाला तोवर अशी तेरा विजेतेपदे जमली होती.

"म्हणजे थांबलं की कप मिळतो?" एका मुलाने विचारले. प्रश्न खवचट होता, पण बिनतोड होता. थांबल्यामुळे बुडालेल्या क्लबांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्यांना सुखान्त नसतो. उलट बाजूचेही ऐका. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरीच्या हाताखाली इंग्लंडची लीग जिंकून जगाला तोंडात बोट घालायला लावले. नऊच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, त्याच रानिएरीला त्यांनी काढले, कारण संघ खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या काठावर उभा होता. लोक हळहळले, मीही हळहळलो. पण त्याचा सहायक क्रेग शेक्सपिअर याच्याकडे संघ आला आणि लीगचे पहिले पाचही सामने त्यांनी जिंकले! कृतघ्नपणा फळाला आला म्हणायचा. शेक्सपिअरलाही त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात काढले, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा नुसत्या 'धीर धरा'वर माझा विश्वास नाही. फर्ग्युसनच्या बाबतीत क्लबचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स पुढे सांगत आले, की त्याला काढण्याचा विचारच आम्ही केला नव्हता. का केला नव्हता, याचे उत्तर मला गुणतक्त्यात सापडत नाही, पोरांच्या वयात सापडते. आल्याबरोबर फर्ग्युसनने गल्लीबोळांतली पोरे हेरणाऱ्या माणसांची संख्या वाढवली होती. रायन गिग्जच्या घरी तो स्वतः गेला होता, त्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी. ती चादर झळकली तेव्हा गिग्ज सोळा वर्षांचा होता, पॉल स्कोल्स पंधरा, डेव्हिड बेकहॅम आणि गॅरी नेव्हिल चौदा. सगळे क्लबच्या नजरेतले किंवा हाताखालचे. आपल्या भाषेत, नववी-दहावीतली मुले! चादर रंगवणाऱ्याला ती दिसण्याचा संभव नव्हता. तिकीट काढून आलेला माणूस समोरचा खेळ पाहणार. संचालकांनी मात्र ती पाहायची असतात. दहावीच्या निकालावरून हेडमास्तरला जोखणारे पुष्कळ असतात. मी नववीत डोकावून येतो.

याची कसोटी मला एकदा घरच्या अंगणात द्यावी लागली. ओळखीच्या एका शाळेच्या क्रीडा समितीवर मी होतो. शाळेचा फुटबॉल शिकवणारा तरुण मानधनावर होता, आणि सलग तीन वर्षे संघ पहिल्याच फेरीत गारद झाला होता. एका सभासदाने, ते मोठे व्यापारी आहेत, सरळ विषय मांडला, "दुकानात तीन वर्षं तोटा झाला तर मी गुमास्ता बदलतो, सर." म्हणणे खोटे नव्हते. तो तरुण दाराशी उभा होता. नुकतेच त्याचे लग्न झाले होते, आणि त्या मानधनावर त्याचे भाड्याचे घर चालत होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण ते काही खेळाचे कारण होत नाही. मी त्याला एवढेच विचारले, "आठवी-नववीची किती मुलं येतात हो सकाळी?" त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. बेचाळीस नावे होती. प्रत्येकापुढे हजेरी, कोणता पाय चालतो, घरून न खाता कोण येतो, आणि बुटाचे माप. सात जणांच्या मापापुढे फुली होती. त्यांच्याकडे बूटच नव्हते.

चार विरुद्ध तीन मतांनी तो राहिला. वही कोरी असती तर माझा हात दुसऱ्या बाजूला वर गेला असता, माणूस कितीही भला असला तरी. पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या फेरीत हरला. व्यापारी सभासदांनी मला फोन करून प्रगतीबद्दल अभिनंदन केले. त्या सात जणांचे बूट मात्र त्यांच्याच दुकानातून आले, आणि त्याचे बिल काही अजून आलेले नाही.

फर्ग्युसनच्या गोष्टीतला एक माणूस मात्र माझ्या मनातून जात नाही. जिम लेटन हा ॲबर्डीनपासूनचा त्याचा गोलरक्षक. १९८८ मध्ये त्यानेच त्याला मँचेस्टरला आणले. १२ मे १९९० च्या अंतिम सामन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लेटनने तीन गोल खाल्ले आणि सामना बरोबरीत सुटला. पाच दिवसांनी फेरसामना. ज्याला स्वतःला साडेतीन वर्षे मुदत मिळाली होती त्या फर्ग्युसनने लेटनला बाहेर बसवले आणि ल्यूटन क्लबकडून उसना आणलेला लेस सीली गोलात उभा केला. युनायटेड एका गोलाने जिंकले. चषक हवा होता, पाच दिवस हातात होते. निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. लेटन त्यानंतर युनायटेडकडून फक्त एक सामना खेळला. मग तो स्कॉटलंडला परतला, एका क्लबातून दुसऱ्यात गेला, पुन्हा ॲबर्डीनला आला. १० जून १९९८ रोजी विश्वचषकाचा सलामीचा सामना फ्रान्समध्ये ब्राझील आणि स्कॉटलंड यांच्यात झाला, तेव्हा स्कॉटलंडच्या गोलात एकोणचाळीस वर्षांचा लेटन उभा होता. स्कॉटलंड दोन-एक असे हरले. दुसरा गोल त्यांच्याच टॉम बॉइडच्या अंगावर आपटून आत गेला होता.