वरचा कप्पा

सॅकला वर झाकणासारखा एक कप्पा असतो. बहुतेक मंडळी त्यात चिक्की, गॉगल आणि चुरगळलेलं एसटीचं तिकीट कोंबतात. माझ्या सॅकमध्ये तिथे औषधांची पिशवी असते आणि ती दुसरीकडे कुठे गेलेली मला चालत नाही. अंधारात, पावसात, दुसऱ्या कुणालाही न विचारता हाताला लागली पाहिजे. चिक्की तळाशी गेली तर कुणी मरत नाही.

विचुंब्याला राहायला आल्यापासून डोंगर फार जवळ आलेत. नवीन पनवेलकडून गाढी नदी ओलांडली की आमचं गाव. आता गाव कसलं म्हणा, इमारतीच इमारती. पण गच्चीत गेलं की प्रबळगड समोर, त्याला चिकटून कलावंतीण, मागे माथेरानचं पठार. (विचुंबे या नावात विंचू आहे की काय, असं आमचे पुण्याचे नातेवाईक दर दिवाळीला विचारतात आणि दर दिवाळीला स्वतःच हसतात.) त्यामुळे शनिवार-रविवार घरात बसवत नाही. आणि आता माझी भाचीही कॉलेजच्या ग्रुपबरोबर जायला लागली आहे. पहिला मुक्कामी ट्रेक ठरला तेव्हा तिनं विचारलं, "मामा, फर्स्ट एडमध्ये काय काय घेऊ?" त्याच संध्याकाळी ताईचा फोन, "तिला यादी देऊ नकोस. यादी दिलीस की ती जाणार."

ताईचं चूक नाही. त्यासाठी आमच्या आजोबांच्या पिशवीबद्दल सांगायला हवं.

आमचं मूळ घर महाड तालुक्यात. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि रानडुकराच्या हाक्याला त्यांना आजूबाजूच्या चार वाड्यांतून बोलावणं यायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदूक चौकीत जमा झाली, आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचा विषय कायद्यानंच संपवला. बंदूक गेली तरी शिकारीची पिशवी मात्र माजघरातल्या खुंटीवर तशीच होती. खाकी कापडाची, तेलकट. आत तुरटीचा खडा, हळकुंडं, जुन्या धोतराच्या पट्ट्या, काडेपेटी मेणकापडात गुंडाळलेली, सुतळी, दाढीचं पातं आणि एका छोट्या बाटलीत जांभळट काळे खडे. म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. साप चावला की वर सुतळी आवळायची, पात्यानं चिरा द्यायच्या आणि खडे चोळायचे. हे आजोबांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं बरं का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉडर ब्रंटन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं नेमकं हेच करायला एक छोटं हत्यार काढलं होतं. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला परमँगनेटची डबी. हिंदुस्थानात ते भरपूर वाटलं गेलं. साहेबाच्या खिशातून ते शिकाऱ्यांच्या पिशवीत आलं आणि आमच्या खुंटीपर्यंत पोचलं.

१९८४ साली भातझोडणीच्या दिवसांत आमचा धाकटा काका खळ्यावर झोपला होता. बावीस वर्षांचा. पहाटे उठून घरी आला तो पोट धरून. ओवा दिला, हिंग लावला. थोड्या वेळानं म्हणाला, डोळे उघडत नाहीत. झोप झाली नसेल, असं सगळ्यांना वाटलं. मग गिळता येईना, बोलणं जड झालं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात साप आला आणि आजोबांनी खुंटीवरची पिशवी काढली. पातं हातात घेऊन ते त्याच्या पायावर, हातावर, पाठीवर जागा शोधत होते. जागाच सापडली नाही. मण्यारीचे दात इतके बारीक की खूण दिसतेच असं नाही, दुखतही नाही फारसं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पहाटे पोटदुखी हेच पहिलं लक्षण असू शकतं. पिशवी उघडीच राहिली. मग देवळात नेलं, मग बैलगाडी. तो रस्त्यातच गेला.

मी तेव्हा बारा वर्षांचा आणि ताई पंधराची. ती पिशवी तिच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही, हे मला कळतं. म्हणून भाचीला यादी द्यायच्या आधी मी ताईलाच सांगितलं, की पिशवी कितीही भरली तरी त्या दिवशी तिच्यात काका वाचेल असं काहीच असू शकत नव्हतं. त्याला हवा होता दवाखाना, प्रतिविष आणि श्वास चालू ठेवायला कुणीतरी. पातं नको होतं, खडे नको होते. पहाटेचे ते चार-पाच तास हवे होते. आजच्या पिशवीतलं निम्मं सामान त्या तासांसाठीच असतं. औषध म्हणून नसतं.

भाचीचा पहिला प्रश्न अर्थातच, "मामा, अँटिव्हेनम सोबत ठेवता येतं का?" नाही ठेवायचं. भुकटीच्या कुप्या मिळतात, फ्रीज लागत नाही, हे सगळं खरं. पण सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात आणि घोड्याच्या रक्तातून केलेलं ते औषध एखाद्याला असं उलटतं की तिथल्या तिथे जीव जावा. उलटलं तर सांभाळणारा डॉक्टर समोर हवा. शिवाय ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनलेलं. पावसात झाडीत दिसणारा हिरवा चापडा त्यात नाही. यासाठी लागणारं विष बऱ्याच अंशी तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही १९७८ मध्ये सुरू झालेली संस्था. कातड्यांसाठी साप मारणारे हे लोक. तो धंदा कायद्यानं बंद झाल्यावर तेच साप पकडून, विष काढून, परत सोडायला लागले. शिकारीतून निघालेली ही वाट मला आजोबांच्या पिशवीपेक्षा फार आवडते.

मग साप चावला तर पिशवीतून काय निघतं? रुंद क्रेप बँडेज आणि त्रिकोणी फडकं. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, पैंजण, घड्याळ काढायचं, कारण सूज आल्यावर निघत नाही. आवळपट्टी नाही, चिरा नाहीत, चोखणं तर सिनेमातच. माणसाला चालवायचं नाही. आणि एक पेन. चावल्याची वेळ त्याच्या हातावरच लिहायची. पेनला औषधाच्या यादीत कुणी धरत नाही, माझ्या यादीत तो पहिल्या पाचात आहे.

विंचवाबद्दल तर आम्हा महाडकरांना थोडा गर्व आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुणपणी लाल विंचवाच्या दंशानं पोरं मरताना पाहिली. घामानं भिजलेली, हातपाय गार पडलेली, शेवटी फुप्फुसात पाणी होऊन. त्यांनी रात्र-रात्र बसून त्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी इथे चालते हे जगाला दाखवलं. शंभरात तीस-चाळीस मरायचे, ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून गोळी पिशवीत ठेवायची का? नाही. रक्तदाब बघितल्याशिवाय ती द्यायची नसते. पण बूट घालण्याआधी आपटायचे आणि झोपण्याआधी स्लीपिंग बॅग झटकायची, याला पैसे पडत नाहीत.

खरं सांगायचं तर साप-विंचू बोलायला रंगतदार, पण सह्याद्रीत माणसं आडवी होतात ती पाय मुरगळून आणि पाणी संपून. मार्च-एप्रिलमध्ये कातळावर दुपारी बारा वाजता निघालेले ग्रुप मी पाहतो तेव्हा मला घोणसेची नाही, त्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची भीती वाटते. ओआरएसची एक पुडी, एक लिटर पाणी. अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी टाकायची नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपांतून पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू शंभरात तीसवरून चारच्याही खाली आणले. तिथे जमिनीवर पडलेल्यांना वाचवणारी गोष्ट आपल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळते आणि लोक त्याऐवजी रंगीत सरबतं घेऊन येतात. खोक्यावर 'ओआरएस' छापून साखरेचं पाणी विकायला तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला मनाई करावी लागली. असो, या विषयावर माझा आवाज चढतो.

बाकीचं भराभर सांगतो. बेटाडिन, गॉज, कागदी चिकटपट्टी, फोडांसाठी पट्ट्या. चिमटा. पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन-ब्रुफेन मी ठेवत नाही, कारण घोणस चावलेल्याचं रक्त आधीच गोठायचं थांबलेलं असतं. ॲलर्जीची गोळी आहे, पण कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं आहेत तिथे तिच्या भरवशावर राहायचं नाही. शंभर माश्या चावून घसा सुजला तर लागतं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. तेव्हा मोहोळाखाली शेकोटी नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही, आणि उठल्याच तर तोंड झाकून खाली पळायचं. चांदीच्या कागदासारखं दिसणारं ब्लँकेट, मूठभर वजनाचं. हेडटॉर्च आणि त्याचे जास्तीचे सेल. शिट्टी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचे नंबर लिहिलेला कागद, प्लॅस्टिकमध्ये. रोख पैसे, कारण रात्री दोन वाजता जीपवाल्याकडे क्यूआर कोड शोधत बसायचं नसतं. :-)

आणि पायथ्याच्या वाडीतल्या कुणाचा तरी फोन नंबर. हा मी सगळ्यात वर ठेवतो. विकटगडावरून उतरताना आमच्यातल्या एकाचा घोटा मोडला, तेव्हा क्रेप बँडेज होतं, काठी होती, फोनला रेंज नव्हती. वाडीतले ठाकर तरुण वर आले, बांबूला चादरीची झोळी बांधली आणि त्याला साडेतीन तासांत खाली आणलं. आपापसात गप्पा मारत. त्यांच्या घरातली बाळंतीण, आजारी म्हातारा, सगळे असेच खाली येतात. आपल्याला जी आपत्ती वाटते ती त्यांची रोजची वाट.

इर्शाळवाडीनं हे फार क्रूरपणे दाखवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गाडली गेली. गाडीरस्ता नव्हता, पावसात हेलिकॉप्टर उतरेना. मदतीला निघालेले सगळे चिखलातून पायी चढले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकारानं गेले. त्याच वाडीत आम्ही कितीदा चहा प्यायलो होतो. डोंगरातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नकोस, तासांत मोज, हे मी भाचीला सांगितलं ते त्या रात्रीमुळे. वरून रस्त्यापर्यंत किती तास, रस्त्यापासून १०८ ची गाडी कुठवर येते, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि प्रतिविष आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं आणि त्याच कागदावर लिहायचं.

ताईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "जमिनीवर झोपायचं असेल तर?" मी म्हटलं, तंबू, चेन पूर्ण लावून, नाहीतर चहूबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. मण्यारीपासून वाचवणारी इतकी साधी वस्तू दुसरी नाही. आणि पहाटे कुणी पोट धरून उठलं, डोळे जड झाले म्हणालं, तर ओवा देत बसायचं नाही, थेट झोळी.

परवा तिचा पुन्हा फोन. भाचीची पिशवी तिनं स्वतः भरली होती आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं होतं. सहाशे ग्रॅम. "मच्छरदाणी वेगळी," म्हणाली, "ती मी शिवतेय."