आखूड पात्याची टिपणं

केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, सामन्यात दोन तलवारींचा खेळाडू उतरला, की पहिला वार होण्याआधीच त्याचे हात बघावेत. दोन्ही शिनाई, म्हणजे बांबूच्या तलवारी, तो डाव्या हातात धरून आत येतो. टाचा उचलून उकिडवं बसताना उजव्या हाताने आधी डाव्या हातासाठीची शिनाई काढतो आणि डाव्या हातात देतो. मग त्याच उजव्या हाताने दुसरी काढतो. आखूड शिनाई बहुतेकांची डावीकडे असते. समोरचा एका हालचालीत तयार होतो, तेवढ्यात याच्या तीन होतात. सामना संपला की हाच क्रम उलटा. घाई केली तर तिथेच घोटाळा होतो, आणि पंचांची नजर असतेच.

*

आकडे लिहून ठेवतो. एक तलवार घेणाऱ्या प्रौढ पुरुषाची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर आणि किमान 510 ग्रॅम. दोन घेणाऱ्याची लांब शिनाई 114 सेंटिमीटरपर्यंत, किमान 440 ग्रॅम. आखूड शिनाई 62 सेंटिमीटरपर्यंत, वजन 280 ते 300 ग्रॅम. लांबीतली घट खांदा पुढे टाकून भरून निघते. अवघड आहे ते 440 ग्रॅमचा बांबू एका हाताने डोक्यावर तोलून धरणं, धारेची बाजू न फिरवता तो सरळ खाली आणणं, आणि लागल्या क्षणी आवळणं. इथे बहुतेकांचं मनगट दगा देतं, आणि वार नुसता थापटल्यासारखा पडतो.

*

आखूड शिनाई सामन्यात करते काय? तिचं टोक प्रतिस्पर्ध्यावर रोखलेलं असतं. ती त्याची शिनाई दाबते, बाजूला सारते, पल्ला मोजते. गुण घेते ती लांब शिनाई. आखूड शिनाईच्या वाराला गुण मिळू शकतो, पण अटी कडक आहेत. लांब शिनाईने त्या क्षणी समोरच्याला रोखून धरलेलं हवं, वार करणाऱ्या हाताचं कोपर पुरतं सुटलेलं हवं, पात्याची दिशा बरोबर हवी. परजेला परज भिडलेली असताना मारलेला आखूड वार सहसा धरलाच जात नाही.

या अटी मला पटतात. जवळ जाऊन टपल्या मारण्याला गुण मिळू लागले, तर आठवड्याभरात सगळे तेच करतील. पण अटी पुऱ्या करून, जीव ओतून मारलेला आखूड वार पडतो तेव्हाही पंचांचे झेंडे खालीच राहिलेले दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. नियमपुस्तकात जागा आहे. डोळ्यांना सवय नाही.

*

जपानमध्ये माध्यमिक शाळांच्या स्पर्धांत दोन तलवारी चालत नाहीत. विद्यापीठांतही त्या दीर्घकाळ बंद होत्या. कारण असं सांगतात, की युद्धापूर्वी संघांच्या लढतीत दोन तलवारींचा गडी बरोबरीसाठी उभा केला जाई. आखूड शिनाई ढालीसारखी पुढे धरायची, वेळ काढायचा, हरायचं नाही. दोष शस्त्राचा नव्हता, पण शिक्षा त्यालाच झाली. बंदीचा खरा तोटा हा, की वयाच्या ज्या वर्षांत हात घडतो ती वर्षं निघून जातात. शिकवणारे आधीच थोडे. त्यात शिकणारा विशीत पहिल्यांदा आखूड शिनाई हाती घेतो.

*

1934. युवराजाच्या जन्मानिमित्त टोकियोच्या राजवाड्यात सम्राटासमोर सामने झाले. प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींच्या गटात कागावाचा फुजिमोतो काओरू दोन तलवारी घेऊन अंतिम फेरीपर्यंत पोचला. समोर टोकियोचा नोमा हिसाशी, कोदान्शा प्रकाशनाच्या संस्थापकाचा मुलगा. नोमा जिंकला. आखूड शिनाई म्हणजे निव्वळ बचाव, असं कुणी म्हणालं की मला फुजिमोतो आठवतो. नुसत्या बरोबऱ्या साधून कुणी त्या फेरीपर्यंत जात नाही.

*

आखूड पातं एकटं काय करू शकतं हे पाहायचं तर सामना सोडून काताकडे, म्हणजे जोडीने करायच्या ठरावीक हालचालींकडे, जावं लागतं. 1912 साली ठरलेल्या केंदोच्या दहा कातांपैकी सात लांब तलवारीच्या, शेवटच्या तीन कोदाचीच्या, म्हणजे आखूड तलवारीच्या. लाकडी लांब तलवार सुमारे 102 सेंटिमीटर, कोदाची 55. लांब तलवार गुरूच्या बाजूकडे, कोदाची शिष्याकडे. आणि तिन्हींत कोदाची जिंकते.

पहिल्या दोन्हींत शिष्य आत शिरू पाहतो, म्हणून गुरूला वार करावाच लागतो. सगळी गोम इथे आहे. आखूड पात्याचा माणूस वाट बघत उभा राहिला तर मेलाच. तो पुढे सरकतो आणि समोरच्याला वेळेआधी हात उचलायला लावतो. वार येतो तेव्हा तो तिरपा पाऊल टाकून रेषेतून बाहेर पडलेला असतो. लांब तलवार कोदाचीच्या कुशीवरून घसरते, आणि त्याच फिरत्या हाताने कोदाची डोक्यावर येते. कुठेही धक्क्याला धक्का नाही. एका हाताने तो पेलणारही नाही.

तिसरी काता मी पुन्हा पुन्हा पाहतो. गुरू डोक्यावर वार करतो. शिष्य तो उचलून खाली पाडतो. गुरू लगेच उजव्या बरगडीवर येतो. शिष्य तोही वार सरकवून देतो, पण पातं सोडत नाही. कोदाची लांब पात्याला चिकटून घासत वर जाते, पार परजेपाशी. आता एवढी लांब तलवार असून तिचा उपयोग शून्य. इतका वेळ कमरेवर असलेला डावा हात तेव्हा कुठे पुढे येतो, गुरूचा दंड कोपराच्या जरा वर धरतो आणि त्याला तीन पावलं मागे रेटतो. टोक गळ्याशी. मारत मात्र नाही. पहिल्या दोन्हींत वार पडतो, इथे फक्त ताबा.

*

तोदा सेइगेन, सोळावं शतक, एचिझेन प्रांत, चूजो घराणं. आखूड तलवारीचं सगळ्यात मोठं नाव. त्याच्या सरावासाठी तलवारबाज सासाकी कोजिरो समोर लांब तलवार घेऊन उभा राहायचा आणि त्यातून पुढे कोजिरोचाच हात लांब तलवारीवर बसला, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, तालमीची गोष्ट म्हणून ती मला आवडते.

*

आखूड पात्याच्या स्वतंत्र स्पर्धाही आहेत. तानकेन्दोचं मूळ रायफलवरून काढून हाती घेतलेल्या संगिनीत आहे. तिथे समोरच्याचा हात धरून, त्याला जखडून केलेल्या भोसकीला गुण मिळतो. केंदोत जे चालत नाही ते इथे रीतसर आहे. तानाबे तेत्सुन्दो यांनी उभ्या केलेल्या स्पोर्ट्स चानबारात हवा भरलेल्या मऊ तलवारी असतात. त्यातली कोदाची 60 सेंटिमीटरची, आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठेही लागलेला वार मोजतात. हा खेळ भारतातही खेळतात. पाय उघडे पडले की पुढे शिरण्याची किंमत किती वाढते, हे तिथे दोन मिनिटांत कळतं.

*

तलवारबाज मुसाशीच्या नितेन इची घराण्याची ख्याती दोन तलवारींची. पण त्यांच्या अभ्यासात एकट्या लांब तलवारीच्या 12 काता आहेत, एकट्या कोदाचीच्या सात, आणि दोन्ही मिळून फक्त पाच. म्हणजे आखूड पात्यानेही आधी एकट्याने उभं राहायला शिकायचं. आज दोन शिनाई घेऊ पाहणारे बरेचजण उजव्या हाताच्या ताकदीमागे लागतात आणि डाव्या हाताला शिनाई दाबण्यापुरतं शिकवतात. त्यांनी उजवा हात कमरेवर ठेवावा, डाव्या हातात एकटी कोदाची घ्यावी आणि सरावाच्या दर दिवशी केंदोच्या त्या शेवटच्या तीन काता कराव्यात. समोर लांब तलवारीचा कसलेला माणूस हवा, खरा वार करणारा.