नेम आणि धास्ती

दिवाळीस परसवाड्याच्या घरी आलेल्या पुतण्याने डोळ्यांवर आभासी दृश्यांचा चष्मा चढविला आणि हातातल्या चिमुकल्या यंत्राचा चाप ओढीत तो भिंतीवर नेम धरू लागला. खऱ्या गोळ्यांचे आवाज सोसलेल्या या बालाघाट जिल्ह्यात आम्हांस तो खेळ रुचेना.

"काका, हा सराव आहे!"

खरेच, नेमबाजही घरी रिकामे पिस्तूल रोखून श्वास आणि बोट यांचा मेळ साधतात. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तिच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात चापावर किमान एक किलोचा भार लागतो. तो भार, तो हिसका चष्म्यात कोठून यावा?

आम्ही एवढेच म्हणालो, "नेम चष्मा शिकवील, सुटलेली गोळी परतत नाही, ही धास्ती मात्र तुझी तूच बाळग."

त्याने मान डोलावली. खेळ काही थांबविला नाही.