चोरकप्पा

चहाचा कप बशीत किणकिणू लागला तेव्हा प्रथम मी दोष बशीला दिला. मग टेबलाला. पायाखाली पुठ्ठा सारून झाला तरी किणकिण थांबेना, तेव्हा ध्यानात आलं की हलतोय तो माझा उजवा हात. साठी उलटलेल्या माणसाचा हात हलायला लागला की त्याला एकच शब्द आठवतो. तो मी कुणापुढे उच्चारला नाही. हिच्यापुढे तर नाहीच; ही रात्र-रात्र जागत बसली असती. निजानीज झाल्यावर पांघरुणात तोंड घालून मोबाइलला विचारलं, 'कंपवात'. मग लक्षणं, खर्च, आणि शेवटी धीर करून, किती वर्षं. वाचून झाल्यावर फोनमधला शोधांचा सगळा इतिहास पुसून टाकला आणि शहाजोगपणे झोपलो. एवढ्या सहजासहजी इतिहास पुसता आला असता, तर मी मॅट्रिकला त्या विषयात पस्तीस मार्कांवर कशाला अडकलो असतो?

चार दिवसांनी ही टॅब्लेटवर उकडीच्या मोदकांचं बघत होती. कळ्या पाडायच्या ऐन वेळी एक हसरा म्हातारा आला. 'हात थरथरतात?' त्याच्या पाठोपाठ न सांडणारा चमचा आला, आणि मग कुठल्याशा केंद्राचा पत्ता. हिनं टॅब्लेट पालथा ठेवला. माझ्या हाताकडे पाहिलं.

"अहो, मला हे जाहिरातीवरून कळावं?"

एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मला कागदावर चकली काढायला लावली, चालवून पाहिलं, आणि सांगितलं की कप उचलल्यावर हलणारा आणि मांडीवर ठेवल्यावर गप्प बसणारा हात बहुधा त्या दुखण्यातला नसतो. त्यात सहसा उलट असतं. मी सुटलो. घरात मात्र दोन दिवस आमटीशिवाय कुणी काही वाढलं नाही, आणि आमटीही बोलत नव्हती.

तेव्हा पुतण्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही फोनमधलं पुसलंत, त्यांच्याकडचं नाही. आणि फोन नि टॅब्लेट एकाच खात्यावर. तुम्ही जे वाचता त्या पानांवर जाहिरातवालेही हजर असतात, ते टिपून ठेवतात." म्हणजे आपण वर्तमानपत्र वाचावं आणि पेपरवाल्यानं आपल्या खांद्यावरून वाकून, कुठल्या बातमीवर किती वेळ थांबलो, ते वहीत लिहावं. आमच्या गिरगावच्या चाळीतही सगळ्यांना सगळं कळायचं. माझं पोस्टकार्ड माझ्याआधी चारजण वाचत. पण वाचणाऱ्या काकू संध्याकाळी वाटीत सार घेऊन यायच्या. चमचा विकायला नाही.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ माणसांचं एकमत! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर पाचांचं होत नाही.

पुतण्यानं मग माझा फोन धुऊन काढला. ब्राउझर फायरफॉक्स, त्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. शोधायला डकडकगो, हे बदक २००८ पासून पोहतंय. जाहिराती तेही दाखवतं, पण विचारलेल्या शब्दापुरत्या. चमचा विचारला तर चमचा, पण तुम्ही कोण ते लिहून ठेवत नाही. मराठीत विचारलं की थोडं गोंधळतं, हा भाग वेगळा. एका टॉर्चच्या अ‍ॅपला माझ्या नातेवाइकांचे नंबर हवे होते; अंधारात कुणाला हाक मारायची म्हणून असेल. त्याला नारळ दिला. टॉर्च फोनमध्ये आधीपासूनच होता.

शेवटी सिग्नल. हे ना-नफा संस्थेचं. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरही कुलपातच जातो, आणि ते कुलूप सिग्नलवाल्यांनीच बनवलेलं. पण कोण कुणाशी कधी बोललं, असल्या वरवरच्या नोंदीही सिग्नल जवळजवळ ठेवत नाही. २०१६ साली अमेरिकेत सरकारी समन्स आलं, तेव्हा त्यांच्याजवळ द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. हे ऐकून माझा ऊर भरून आला. अडचण एकच, आत गेलो तर शुकशुकाट! ओळखीचा एक पुतण्या, तोही घरातच बसलेला. भिशी, सोसायटी, साडूची सुप्रभातं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच. तेव्हा तेही ठेवलं. संन्यास घेतला तरी गॅसचा नंबर लावावाच लागतो.

आठवड्यानं मी हिच्यासमोर फोन ठेवला. म्हटलं, "हे फक्त आपल्या दोघांचं. यापुढे काही लपवायचं झालं तर जगापासून. तुझ्यापासून नाही." हिनं माझा हात धरून ठेवला. तो हललाच, पण तिनं सोडला नाही.

निरोप आपोआप पुसले जायची सोयही मी उत्साहानं लावली, पाच मिनिटांची. त्या संध्याकाळी हिनं पहिला निरोप पाठवला, वाणसामानाची यादी. जिना उतरताना वाचली. दुकानात पोचलो तर फोन कोरा. नाइलाजानं घरी फोन लावला, नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि हिनं खणखणीत आवाजात, रांगेतल्या सात माणसांच्या साक्षीनं, साबुदाण्यापासून सुरुवात केली.

"आणि काका," वाण्यानं लिहिता लिहिता मान वर केली, "इसबगोल मोठा डबा देऊ की छोटा?"