गरम बॉनेट

नारायणगावला टोमॅटो न्यायला दरवेळी भाड्याची गाडी, म्हणून यंदा सेकंड हँड पिकअप घ्यायचं ठरवलं. कांद्याचे पैसे आले होते. कमी पडले तर मोडा म्हणून बायकोनं पाटल्या काढून दिल्या.

सकाळी सातलाच गाडी बघायला पोचलो. रंग चकाचक, टायर नवे. मी तर खिशातून इसार काढायच्या बेतात होतो. सोबतच्या आबा मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! म्हणाले, "मालक, गार होऊ द्या. आम्ही चहा घेऊन येतो."

दोन तासांनी स्टार्टर मारला तर चौथ्या वेळी उठली, आणि मागं निळा धूर. म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण उघडलं, तिथूनही भकाभका धूर. आबा हळूच म्हणाले, "इंजिन उतरवावं लागंल." हौद्याखाली चेसिसला वेल्डिंगचा जोड. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. मालक म्हणाला, "एनओसी नंतर देतो."

"मग पैसेही नंतरच देतो," म्हणून निघालो.

घरी येऊन पाटल्या परत दिल्या. ती काही बोलली नाही, लगेच हातात चढवल्या.

तुम्ही जाणार असाल तर आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं मालकाला आधीच सांगा. मिस्त्री सोबत न्या. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी ताडून बघा. रंग सगळ्यात शेवटी बघा.