टॅपेट वाजू द्या

संपादकांनी लेख मागितला तो जुन्या गाडीच्या निगेवर. सोबत प्रेमळ दमही दिला: तांत्रिक काही नको, वाचकांच्या डोक्यावरून जातं. मी हो म्हटलं. पण ऑइल वेळेवर बदला, रेडिएटरमधलं पाणी बघा, टायरमध्ये हवा ठेवा, एवढं सांगितलं की निगेचं पुराण संपलं. त्यापेक्षा गेला पावसाळाभर डोक्यात घोळत राहिलेला विषय लिहितो. मिसिंगचा.

गाडी चढाला झटके मारते, उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरचा एकसुरी आवाज मध्येच तुटतो. इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायच्या वेळी पेटलं नाही की असं होतं. हे सतत होत असेल तर शोधणं सोपं असतं. येऊन-जाऊन असेल तर भल्याभल्या मिस्त्रींना घाम फुटतो.

माझ्याकडे आलेली गाडी नव्वदच्या दशकातली मारुती ८००, कार्बोरेटरवाली, पुढे कधीतरी गॅस किट बसवलेली. मालक निवृत्त मुख्याध्यापक. लेक रत्नागिरीला दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी फेरी ठरलेली. येताना साखरप्यापर्यंत गाडी झकास, आंबा घाट चढायला लागली की मिसिंग सुरू. घाट संपल्यावर चहाला थांबलं की थोडी बरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात गॅरेजला न्यावी, तर गाडी शहाण्या मुलासारखी उभी.

"वस्ताद, आता घरचेसुद्धा म्हणायला लागलेत की तुम्हाला भास होतो," सर म्हणाले.

भास नव्हता. पण ज्यानं त्यानं गाडी सकाळी थंड असताना तपासली होती आणि काही सापडलं नाही म्हणून काहीतरी बदलून दिलं होतं. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, कॉइल. कार्बोरेटर खोलून धुऊन झाला होता. सगळी बिलं सरांनी तारीखवार टाचून आणली होती. शेवटी शिक्षकच ते.

त्या मिस्त्रींना मी नावं ठेवणार नाही. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही. "नुसतं बघितलंत त्याचे एवढे?" हे वाक्य कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या प्रत्येक गॅरेजवाल्यानं ऐकलंय. नवीन कॉइल डब्यातून काढून दाखवली की तेच गिऱ्हाईक मुकाट्यानं पाकीट उघडतं. मग पोरं शोधायला शिकतील कशाला?

आता थोडं तांत्रिक, संपादकांची माफी मागून. सिलिंडरमध्ये इंधन पेटायला तीन गोष्टी लागतात: जोरकस ठिणगी, हवा आणि इंधनाचं योग्य प्रमाण, आणि पुरेसा दाब. आणि तिन्ही नेमक्या वेळेला. ८०० ला सिलिंडर तीन, पेटण्याचा क्रम १-३-२. गाडी उभी असताना, म्हणजे स्लोवर, इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटतं. त्यातलं एक गळालं की गाडीची एक तृतीयांश ताकद गेली. म्हणून चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा ८०० वाल्याला मिसिंग लवकर जाणवतं.

ठिणगी बघायची आमची गावठी पद्धत म्हणजे प्लग काढायचा, वायरीला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा. चट् चट् आवाज आला, निळी ठिणगी दिसली की "करंट चांगला आहे" असा निकाल. हा निकाल अर्धाच. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की तीच ठिणगी उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि गॅसवर तर पेट्रोलपेक्षाही जास्त. पिचकलेली वायर बाहेर पास होते आणि घाटात नापास. म्हणून मी वायरी अंधारात बघतो. इंजिन चालू ठेवून वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा; करंट कुठे गळत असेल तर निळसर रेघ नाचताना दिसते. सरांच्या गाडीत काही नाचलं नाही. वायरी नव्याच होत्या, त्या बाबतीत बिलं खरी होती.

राहिलं इंधन. सरांच्या पुतण्यानं आधीच निदान करून ठेवलं होतं: इथेनॉल. हल्ली गाडीला शिंक आली तरी लोक इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचं नाव घेतात. जुन्या गाडीला त्याचा त्रास नाहीच असं मी म्हणणार नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा, शिवाय त्याच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन. कार्बोरेटरचं जेट ठरलेल्या मापाचं असतं, ते हे ओळखून इंधन वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. जुने रबरी पाइप, डायफ्रॅम, गॅसकेट यांचंही आयुष्य घटतं. टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी बसतं आणि मग गाडी चालतच नाही. हे सगळं खरं. पण मी सरांना एकच विचारलं, "घाटात पेट्रोलवर मिसिंग येतं की गॅसवर?" सर म्हणाले, दोन्हीवर. संपलं की. गॅसमध्ये इथेनॉल कोण मिसळणार? दोन वेगळ्या वाटांनी येणारी दोन इंधनं, आणि दोष एकच. म्हणजे दोष इंधनात नाही. ज्या गाडीला गॅस किट आहे तिला निदानाची ही फुकटची सोय आहे, आणि ती कुणी वापरत नाही.

"स्कॅनर लावा की," असं पुतण्या म्हणालाच. या गाडीत कॉम्प्युटरच नाही, स्कॅनर लावायचा कशाला, कार्बोरेटरला? नव्या गाडीतसुद्धा स्कॅनर 'पी-०३०२' असा कोड देईल, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कुठे ते कळलं, का ते नाही. ते शोधायला मिस्त्रीच लागतो. जाता जाता: नव्या गाडीत इंजिन चालू असताना प्लगची वायर उपटून बघायचा जुना खेळ करू नका. कॉइल जाते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं.

मग उरला दाब. आणि दाब गरम इंजिनावरच मोजायला हवा होता. म्हणून प्लगचा पाना, कॉम्प्रेशन गेज आणि जाड हातमोजे गाडीत टाकले, सरांना शेजारी बसवलं आणि पन्हाळ्याचा रस्ता धरला. चढ लागल्यावर गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली आणि सरांचा चेहरा खुलला. आपली गाडी बिघडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

वाघबिळाच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी वहीचा कागद धरला. धुरानं कागद सतत बाहेर फडफडत राहायला हवा. इथे तो फडफडायचा आणि मध्येच चट्कन आत ओढला जायचा, पुन्हा बाहेर, पुन्हा आत, तालात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची ही खूण. गाडी बंद करून प्लग काढले, गेज लावला. एक आणि तीन नंबरला १२ च्या आसपास, दोन नंबरला जेमतेम ७. सकाळी थंड इंजिनावर तिन्ही जवळपास सारखे होते. कुकरच्या झाकणाचं रबर गेलं की गॅस कितीही मोठा करा, शिट्टी होत नाही; तसंच इथे. ठिणगी होती, इंधन होतं, दाबच धरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट असावी लागते; टॅपेटची फट म्हणतात ती हीच. ती फीलर गेजच्या पट्ट्यांनी मोजतात. दोन नंबरच्या एक्झॉस्टला माझ्याकडची सगळ्यात पातळ, ०.०५ मिलिमीटरची पट्टीसुद्धा शिरेना. फट शून्य. बाकीचे दोन एक्झॉस्टही मापाच्या खालीच.

आता माझा लाडका वाद. सरांच्या बिलांत गेल्या गणपतीतली एक ओळ होती: 'टॅपेट सेटिंग (आवाज)'. म्हणजे सर तक्रार घेऊन गेले होते, टॅपेट वाजतायत, आवाज काढा. मिस्त्रीनं आवाज काढला. कसा? फट कमी करून. आवाज गेला, सर खूश, मिस्त्री खूश. पण ती फट उगीच ठेवलेली नसते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळक्या वायूच्या झोतात उभा असतो, तापला की लांब होतो, आणि लांब व्हायला त्याला जागा लागते. जागा नसेल तर तो सीटवर टेकत नाही, किंचित उघडाच राहतो. बरं, त्याची बहुतेक उष्णता सीटला टेकूनच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर आणखी तापतो, आणखी लांब होतो, आणि शेवटी त्याची कड जळते. घाटात गाडी तापते तेव्हाच मिसिंग का, आणि रात्रभर थंड झाली की सकाळी गुण्यागोविंदानं का चालते, त्याचं उत्तर एवढंच.

गॅसनं त्यात भर घातली. पेट्रोलचे थेंब आत येतात तेव्हा व्हॉल्व्हला थोडा गारवा आणि थोडं वंगण मिळतं. गॅस कोरडा येतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याचं वरचं टोक रॉकरच्या जवळ जातं आणि फट आपोआप कमी होते. लोकांना हे पटत नाही. यंत्र झिजलं की खडखडतं, असाच सगळ्यांचा अनुभव. इथे झीज आवाज वाढवत नाही, घटवते. जुनी गॅसवरची गाडी सहा महिन्यांत हळूहळू शांत होत गेली तर मालक शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतो, आणि मला ऐकून धडकी भरते. वाजणारा टॅपेट फार तर कानाला त्रास देतो. गप्प झालेला टॅपेट हेड खोलायला लावतो.

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, आणि वर्षानुवर्षं गिऱ्हाईक म्हणतं, "वस्ताद, ते असू दे, तेवढा आवाज काढा." शांत गाडी म्हणजे चांगली गाडी हे डोक्यात इतकं बसलंय की समोर फीलर गेज धरून दाखवला तरी माणूस बॉनेटला कान लावूनच निकाल देतो. शेजारच्या गॅरेजात जाऊन आवाज काढून घेतो आणि वर मला येऊन सांगतो.

सरांच्या गाडीच्या तिन्ही सिलिंडरच्या फटी मी मापात आणल्या. पार्ट एकही बदलला नाही, टॅपेट कव्हरचं गॅसकेट सोडून. पुढच्या फेरीला गाडी घाट बिनतक्रार चढली. पण सीट झिजलेली आहे ती आहेच. ती आणखी झिजणार, फट पुन्हा मिटणार. खरा इलाज म्हणजे हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्हचं काम लेथवर करून घेणं, आणि त्या खर्चात गाडीच्या आजच्या किमतीचा मोठा वाटा जाईल. तेवढा खर्च करा असं सत्तरीतल्या माणसाला सांगावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही बाजू सांगितल्या. सर "बघू" म्हणाले. एवढ्या कामाचे मी किती घ्यायचे, हाही प्रश्नच होता. नवीन काही बसवलंच नाही. सरांनी मात्र शोधण्याचे पैसे न विचारता दिले, हे लिहून ठेवतो.

जुनी गाडी गॅसवर चालवत असाल तर दर दहा हजार किलोमीटरला इंजिन थंड असताना फटी मोजून घ्या. मिसिंग दाखवायला आणाल तेव्हा गाडी सकाळी धुऊन-पुसून आणू नका. जिथे त्रास देते त्या रस्त्यावर मिस्त्रीला घेऊन जा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. आणि टॅपेट मापात असतील तर वाजू द्या.