घोरणाऱ्या मुलाची हकीकत

लहान मूल घोरूं लागलें कीं, घरांतील वडील माणसें कौतुकानें म्हणतात, "दमलें आहे बिचारें, कसें गाढ झोंपलें आहे पाहा!" आमचीहि समजूत पुष्कळ वर्षें अशीच होती. शाळेच्या वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे असल्यामुळें रोज रात्रीं विजेरी घेऊन खाटांच्या रांगांतून एक फेरी घालण्याचा आमचा नित्यक्रम आहे. ज्या खाटेवरून घोरण्याचा आवाज येई, तेथून आम्ही निश्चिंत मनानें पुढें जात असूं. त्या निश्चिंतपणाबद्दल आम्हांस पुढें जी लाज वाटली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं सहावीच्या वर्गांत अंगानें स्थूल व स्वभावानें अतिशय गोड असा एक मुलगा होता. त्याचें तोंड नेहमीं किंचित् उघडें असे. सकाळच्या प्रार्थनेस तो पेंगत असे. गणिताच्या तासाला तर त्याचें डोकें बाकावर टेके. आम्ही त्यास उभें करीत असूं. "रात्रभर घोरतोस आणि दिवसाहि झोंपतोस, मग जागतोस तरी केव्हां?" असें आम्हीं एकदां विचारलें, तेव्हां सारा वर्ग हंसला आणि तोहि हंसला. त्याचें तें हंसणें आज आठवलें म्हणजे मनाला बोचतें.

एके रात्रीं आम्ही त्याच्या खाटेपाशीं सहज थांबलों. घोरणें एकाएकीं बंद पडलें. छाती वरखालीं होत होती, परंतु श्वासाचा आवाज येईना. आम्ही घड्याळाकडे पाहत राहिलों. बारा सेकंदांनीं, बुडत्या माणसानें पाण्यावर डोकें काढावें त्याप्रमाणें, त्यानें मोठ्यानें श्वास ओढला व कूस बदलली. थोड्या वेळानें पुन्हां तोच प्रकार. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं त्याच्या आईस बोलावून घेतलें.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनीं सर्व समजावून सांगितलें. घशाच्या दोन्ही बाजूंस टॉन्सिल नांवाच्या गांठी असतात, आणि नाकाच्या मागील भागांत ॲडिनॉइड नांवाची तशीच एक गांठ असते. जागेपणीं घशाचे स्नायु श्वासाची वाट उघडी धरतात. झोंपेंत ते सैल पडले कीं, गांठी वाढलेल्या असल्यास ती वाट मिटते. रक्तांतील प्राणवायु कमी होतो, मेंदु दचकून जागा होतो, आणि आठ तास अंथरुणांत असूनहि मुलाची झोंप होत नाहीं. ही गोष्ट कांहीं नवीन नव्हे. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनीं ॲडिनॉइडच्या विकाराचें वर्णन १८६८ सालींच केलें होतें. तोंडानें श्वास घेणारीं अशीं मुलें मंदबुद्धीचीं दिसतात, हें विल्यम ऑस्लर यांनीं १८९२ च्या आपल्या वैद्यकग्रंथांत नमूद केलें आहे. हें समजल्यावर आम्ही खजील झालों. कारण 'मंद' हा शब्द त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत आम्हींच लिहिला होता.

उन्हाळ्याच्या सुटींत शस्त्रक्रिया झाली. कांहीं दिवस गिळतांना दुखलें, आणि मग घोरणें थांबलें. जूनमध्यें मुलगा परत आला तो अगदीं टवटवीत. गांठी गेल्या, रोग गेला, असें समजून आम्ही मोकळे झालों. परंतु दिवाळीच्या सुमारास तो वर्गांत पुन्हां पेंगूं लागला, आणि येथें आमच्या हातून दुसरा अपराध घडला. पहिला अज्ञानाचा होता. हा अर्धवट ज्ञानाचा. आतां तर शस्त्रक्रियाहि झाली, तेव्हां हा निव्वळ आळस होय, असें आम्हीं ठरविलें व तसें त्याच्या आईस पत्र लिहिलें. रात्रीं त्याचें घोरणें पूर्वीच्या मानानें हळू होतें, म्हणून आम्ही त्या खाटेपाशीं थांबलोंच नाहीं.

सुटी संपतांच ती माउली स्वतः आली. "सर, तुमचें पत्र मिळालें. पण आधीं हें ऐका," असें म्हणून तिनें आपला मोबाईल आमच्यापुढें धरला. सुटींत मुलाच्या उशाशीं बसून तिनें त्याचा श्वास टिपून घेतला होता. घोरणें, मग स्तब्धता, मग तोच ओढून घेतलेला श्वास. आम्हांस कांहींएक बोलतां आलें नाहीं.

डॉक्टरांस मात्र नवल वाटलें नाहीं. अमेरिकेंत पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची एक पाहणी झाली. ती २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. सात महिन्यांनीं पाहतां, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांचा झोंपेंतील श्वास नियमित झाला होता. केवळ देखरेखीखालीं ठेवलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ४६ होतें. म्हणजे शस्त्रक्रिया उपयोगी खरी, परंतु सर्वांस पुरी पडते असें नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७८ मुलांच्या दुसऱ्या एका पाहणींत, कडक कसोटी लावली असतां, सुमारें शेंकडा २७ मुलेंच पूर्ण बरीं ठरलीं. मात्र बहुतेकांस उतार पडला होता. स्थूल, दमेकरी, सात वर्षांहून मोठीं व मूळचाच विकार तीव्र असलेलीं मुलें यांच्यांत कांहीं दोष मागें राहण्याचा संभव अधिक असतो. जिभेच्या मुळाशीं असलेली गांठ, अरुंद जबडा, नाकाची सूज, किंवा ॲडिनॉइडची पुन्हां झालेली वाढ हींहि कारणें असूं शकतात.

म्हणून आधीं मुलाची रात्रभर निद्रापरीक्षा झाली. श्वास, छातीची हालचाल, रक्तांतील प्राणवायु व मेंदूच्या लहरी यांची नोंद घेतली गेली. मुलांच्या बाबतींत ताशीं एकाहून अधिक वेळां श्वास अडला तरी तो दोष मानतात. त्याचा आंकडा बराच मोठा निघाला. दोष सौम्य असल्यास नाकांत मारावयाच्या औषधानें भागतें; टाळू अरुंद असल्यास दंतवैद्य तारेच्या साधनानें ती रुंदावतात; कोणाची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या विद्यार्थ्यास वजन उतरविण्याचा सल्ला व सीपॅप नांवाचें यंत्र मिळालें. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं पुढें आणलेला हा उपाय आहे: नाकावर मुखवटा बसवून सौम्य दाबानें हवा सोडतात, तेणेंकरून घसा मिटत नाहीं.

पहिल्या रात्रीं त्यानें मुखवटा दोनदां काढून टाकला. खोलींतील मुलें हंसतील ही त्यास भीति होती. आम्हीं त्या मुलांस जवळ बसवून सर्व हकीकत, आमच्या दोन्ही चुकांसह, सांगितली. त्यांनीं त्याचें नांव 'वैमानिक' ठेविलें, आणि त्या नांवाचा त्यास अभिमान वाटूं लागला. महिन्याभरांत मुखवटा अंगवळणीं पडला. तो वर्गांत पहिला आला असें मात्र नाहीं. गणित त्यास पूर्वीइतकेंच जड गेलें. परंतु तो जागा राहूं लागला, खेळूं लागला, आणि न समजलेलें विचारूं लागला. शिक्षकास याहून अधिक काय हवें?

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवड्यांनीं, आणि पुढेंहि अधूनमधून, मुलाच्या उशाशीं घटकाभर बसावें. घोरणें परतलें, श्वास थांबला, तोंड उघडें राहूं लागलें किंवा दिवसा पेंग येऊं लागली, तर पुन्हां डॉक्टरांकडे जावें. आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस आम्ही इतकेंच सांगूं कीं, पेंगणाऱ्या मुलास उभें करण्यापूर्वीं तें रात्रीं कसें झोंपतें याची चौकशी करावी. आतां आमच्या रात्रीच्या फेरीस पूर्वीपेक्षां बराच अधिक वेळ लागतो, आणि त्याचा आम्हांस मुळींच कंटाळा येत नाहीं.